पस्तीस मिनिटांचा तास

बायकोशी निवांत बोलायला मिळावं म्हणून टेकडी चढावी लागलेला मी काही जगातला पहिला नवरा नसेन. पण त्यासाठी ऑफिसात अर्ज, शेजाऱ्यांपुढे खुलासा, दुसऱ्याचे बूट आणि सरकारी वहीत खोट्या मापाखाली सही, एवढं सगळं एकाच संध्याकाळी केलेला बहुधा पहिलाच असेन.

झालं असं की, आमच्या हिला मुख्याध्यापिका म्हणून बोलावणं आलं. ही गणित शिकवते आणि शाळेचं वेळापत्रक लावते. बोलावणं होतं दुसऱ्या गावच्या शाळेचं, बसने पाच तासांवर. म्हणजे सोमवार ते शनिवार तिकडे आणि रविवार इकडे. होकार-नकार शनिवारी सकाळी दहाच्या आत कळवायचा होता, आणि मंगळवारपासून गुरुवारपर्यंत आम्हा दोघांना त्यावर सलग दहा मिनिटंही बोलता आलेलं नव्हतं.

याला कारण आमचे बाबा. बाबांना ऐकू येत नाही, पण ते फक्त त्यांना सांगितलेलं. त्यांच्यापासून लपवून काही बोलायचं म्हटलं की त्यांचे कान एकदम तिखट होतात. स्वयंपाकघरात आम्ही कुजबुजलो की हॉलमधून "कोण जाणार म्हणालीस?" असा आवाज येतो. बाबांना चुकवून जिन्यात गेलो तर समोरच्या काकूंचं दार उघडतं. काकूंना कचरा टाकायला दिवसातून अकरा वेळा बाहेर यावं लागतं. एवढा कचरा त्या आणतात कुठून, हे मला अजून कळलेलं नाही.

शेवटी गुरुवारी ही म्हणाली, "उद्या ऑफिस सुटल्यावर टेकडीवर जाऊ. वर गेल्यावर मी विचारेन, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं."

"मी म्हणेन तसं कशाला? तुझी इच्छा काय?" मी मोठ्या मनाने विचारलं.

"ते वर," ही म्हणाली आणि ओट्याकडे वळली.

आता खरं सांगतो. हिने जाऊ नये असंच मला वाटत होतं. माझे चार मुद्दे तयार होते. एक, बाबांची औषधं. दोन, तिची दुखरी पाठ आणि पाच तासांची बस. तीन, तिकडे एकटीने राहायचं म्हणजे एका खोलीत राहायचं. चौथा मुद्दा सगळ्यात भक्कम होता, पण तो वाक्यात नीट बसत नव्हता. "मला करमणार नाही" हे एका पन्नाशीच्या माणसाने कारण म्हणून कसं मांडायचं?

आणि अडचण अशी की, त्या जागेसाठी माणूस निवडायचं काम माझ्याकडे असतं तर मी डोळे झाकून हिलाच निवडलं असतं. हिच्या आत्ताच्या शाळेत बत्तीस शिक्षक, बावीस वर्ग, एकच प्रयोगशाळा. त्यात एका सरांना जिना चढता येत नाही, दोन बाई एकमेकींशी बोलत नाहीत म्हणून त्यांना एकाच वेळी रिकामं ठेवायचं नाही, आणि चित्रकलेच्या सरांना जेवणानंतर वर्ग दिला तर मुलांआधी तेच झोपतात. हे सगळं ही भाजी निवडता निवडता डोक्यात जुळवते. मला दोन पाहुणे एकाच दिवशी आले तरी घाम फुटतो.

तर हिने शुक्रवारचंही वेळापत्रक लावलं आणि फ्रिजवर चिकटवलं:

पहिला तास: चढणे.
दुसरा तास: बोलणे.
तिसरा तास: उतरणे.

बोलायला अख्खा तास! चार मुद्दे तासभर कसे पुरवायचे?

वेळेत पोचायचं तर मला ऑफिसातून पाऊण तास आधी निघणं भाग होतं. मी वजनमापे खात्यात आहे. दुकानदारांचे तराजू तपासायचे, मापं पडताळायची, खोटी असतील ती जप्त करायची. बावीस वर्षांत एका ग्रॅमची सूट मी कोणाला दिलेली नाही. तशीच सूट मलाही कोणी देत नाही, हे त्या अर्जाच्या वेळी कळलं. आमच्या हेडक्लार्कना सगळे 'नियमपुस्तक' म्हणतात. त्यांनी अर्ज वाचला, उलटा करून मागे काही आहे का बघितलं आणि विचारलं, "कौटुंबिक कारण म्हणजे नेमकं काय?"

"बायकोशी बोलायचंय."

त्यांनी चष्मा काढला. "वकील केलात का?"

"अहो, नुसतं बोलायचंय!"

"सुरुवात अशीच होते," ते हळू आवाजात म्हणाले आणि सही केली. इतकी लवकर सही त्यांनी आजवर कोणाच्याच अर्जावर केली नव्हती. निघताना दोन सहकाऱ्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिसऱ्याने तर "मुलं कोणाकडे राहणार?" असं विचारलं. आम्हाला मूलबाळ नाही, हे त्याला मीच तीनदा सांगितलेलं आहे.

घरी आलो तर जिन्यात ही गर्दी! बाबांजवळ दोन घटका बसाल का, एवढंच हिने काकूंना विचारलं होतं. काकूंनी ते चारही मजल्यांवर पोचवलं होतं. हा माणूस बावीस वर्षांत कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत गेला नाही आणि आज टेकडी चढतोय, म्हणजे डॉक्टरांनी काहीतरी सांगितलेलं दिसतंय, असा सगळ्यांनी मिळून निष्कर्ष काढला होता.

"छातीत दुखतं का हो?" काकूंनी डोळ्यांत पाणी आणून विचारलं.

"मुळीच नाही."

"न दुखणारंच वाईट असतं," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून 'हवामान खातं' खाली उतरलं. हे गृहस्थ पोस्टातून निवृत्त झालेत, पण रोज सकाळी गॅलरीत उभं राहून दिवसभराचा अंदाज सांगतात, म्हणून हे नाव. अंदाज चुकला की आकाशाला दोष देतात. "संध्याकाळी वारा सुटणार," ते म्हणाले, "आणि तुम्ही हे ऑफिसचे बूट घालून जाणार? शोभतं का?" त्यांनी स्वतःचे डोंगर चढायचे बूट आणले. ते नऊ नंबरचे आणि माझा पाय सात नंबरचा. "मोजे दोन घाला," ते म्हणाले. मी तीन घातले. शिवाय त्यांनी एक काठी, एक टॉर्च आणि एक शिट्टी दिली.

"शिट्टी कशाला?"

"हरवलात तर."

"अहो, टेकडी आमच्या खिडकीतून दिसते!"

"खिडकीतून तुम्ही दिसत नाही," ते म्हणाले आणि शिट्टी माझ्या गळ्यात घातली. बाबांनी हॉलमधून "कोण हरवलं?" असं विचारलं. त्यांना ते समजावण्यात आणखी पाच मिनिटं गेली. ही मात्र पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्याला पाण्याची बाटली, एवढ्या तयारीनिशी दारात शांत उभी होती.

टेकडीवर पाणीपुरवठ्याची मोठी टाकी आहे. त्यामुळे खाली फाटक, फाटकावर रखवालदार आणि रखवालदारासमोर वही. वर जाणाऱ्याने नाव, पत्ता, माणसं किती आणि लागणारा वेळ हे सगळं लिहायचं. वही बघून मला बरं वाटलं. नीट आखलेले रकाने, एकसारखी अक्षरं, कुठे डाग नाही. मी पेन घेऊन ऐटीत लिहिलं, 'लागणारा वेळ: तीन तास.'

रखवालदारांनी ते वाचलं, घड्याळ बघितलं आणि वही मिटली. "जमणार नाही. साडेसातला फाटक बंद होतं. आत्ता पाच पस्तीस झालेत."

मी हिच्याकडे बघितलं. हिचं वेळापत्रक चुकलं? बावीस वर्षांत पहिल्यांदा? मला मनातून थोडा आनंद झाला, हे कबूल करतो. बोलणंच टळलं, मुद्दे वाचले, ही राहिली!

"साडेसात मला माहीत आहे," ही म्हणाली. "फोन करून विचारलं होतं मी. बसतंय त्यात. तीन तास म्हणजे पावणेदोन तास."

रखवालदारांनी माझ्याकडे बघितलं. मी टाकीकडे बघितलं.

"बाई," ते समजुतीने म्हणाले, "तीन तास म्हणजे तीन तास."

"अहो, शाळेचा तास! पस्तीस मिनिटांचा. पस्तीस त्रिक पंचोत्तरशे."

म्हणजे एकशेपाच मिनिटं. म्हणजे पावणेदोन तास! माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. बावीस वर्षं ही मला "एक तासात येते" म्हणून सांगून पस्तीस मिनिटांत घरी येत होती आणि मी तो हिचा वक्तशीरपणा समजून चारचौघांत कौतुक करत होतो. आणि मी वजनमापांचा माणूस! बाजारात असलं माप सापडलं असतं तर दुकानासकट सील केलं असतं, आणि इथे घरातच पंचवीस मिनिटं कमी भरणारा तास बिनबोभाट चालला होता.

"मग पावणेदोन लिहा की," मी रखवालदारांना म्हणालो.

"खाडाखोड चालत नाही."

"ते मात्र बरोबर आहे," माझ्या तोंडून निघून गेलं. "खाडाखोड असलेला कागद मीही घेत नाही."

"तुम्ही कोणाच्या बाजूचे आहात?" ही म्हणाली.

"नियमाच्या," मी म्हणालो, आणि लगेच जीभ चावली. पण रखवालदारांच्या नजरेत माझी किंमत वाढलेली मला स्पष्ट दिसली.

दुसरा कोणी असता तर तणतणला असता, ओळखीचं नाव सांगितलं असतं, नाहीतर परत फिरला असता. हिने वही आपल्याकडे वळवली, रकान्यांवरून बोट फिरवलं आणि शेवटच्या रकान्यावर थांबली. "हा 'शेरा' कशासाठी असतो?"

"काही खुलासा असेल तर लिहायला. अजून कोणी लिहिलेला नाही."

"मग आम्ही लिहितो. 'येथे तास म्हणजे शालेय तास, पस्तीस मिनिटे.' खाडाखोड नाही, खोटं नाही. चालेल?"

रखवालदार विचारात पडले. वहीत इतका सुंदर उपयोग लपला होता हे त्यांनाही नवीन होतं. "चालेल," ते म्हणाले, "पण खाली जबाबदार माणसाची सही लागेल. साहेब काय करतात?"

"वजनमापे खात्यात आहेत," ही म्हणाली.

"मग प्रश्नच मिटला! मापाचं त्यांच्याइतकं कोणाला कळणार? करा सही. हुद्दाही लिहा."

एका ग्रॅमला न हललेला मी, पस्तीस मिनिटांचा तास बरोबर आहे असं हुद्द्यासकट लिहून देणार? ही माझ्याकडे बघत होती. विनंती नाही, राग नाही, नुसती बघत होती. मी सही केली. अक्षर इतकं वाईट आलं की ती माझी नाही असं पुढे कधी म्हणता येईल. तेव्हा बरोब्बर पावणेसहा झाले होते, म्हणजे हाताशी तीन तास होते. हिचे तीन.

चढाबद्दल जेवढं कमी सांगावं तेवढं बरं. पाय पुढे जायचा आणि बूट मागे राहायचा. तीन मोज्यांचा एक गोळा होऊन अंगठ्यापाशी जमला. काठी मी सारखी नको तिथे टेकवत होतो आणि नंतर तिलाच अडखळत होतो. माझ्याहून वयाने बऱ्याच मोठ्या एक आजी जोरात चालत वर गेल्या, उतरल्या आणि परत वर जाताना "हळूहळू या हं" म्हणून गेल्या. ही पुढे. दहा पावलं चालायची, थांबायची, माझी वाट बघतेय असं वाटू नये म्हणून एखादं झाड बघायची. तिने त्या दिवशी फार झाडं बघितली.

दुसऱ्या वळणावर शिट्टी वाजायला लागली. कोण वाजवतंय म्हणून मी चिडून मागे बघितलं.

"शिट्टी तोंडातून काढा," ही म्हणाली.

धापा टाकताना ती कधी दातात आली मला कळलंच नव्हतं. माझा प्रत्येक श्वास वाजत होता. खालून रखवालदारांनी उत्तरादाखल एक लांब शिट्टी मारली. मी हात हलवून ठीक आहे म्हणून सांगितलं. त्यावर त्यांनी दोनदा मारली. हिला हसू आवरेना. कडेच्या दगडावर बसून ती डोळे पुसेपर्यंत हसली, आणि चिडावं की आणखी एकदा वाजवावी हे मला ठरवता येईना.

वर पोचलो तेव्हा पावणेसात झाले होते. पहिला तास मी साठ मिनिटांचा केला होता. दुसऱ्या तासातली पंचवीस मिनिटं चढण्यानेच खाल्ली आणि बोलायला उरली दहा. टाकीजवळ एक बाक होता, त्यावर मी अक्षरशः कोसळलो. खाली आमची इमारत दिसत होती. गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे दिसत होते. त्यांच्यापलीकडे हिची शाळा होती, पत्त्यांच्या डबीएवढी.

तेवढ्यात फोन वाजला. बाबा. हिने घेतला. "तुमचा चष्मा पेपराच्या खाली आहे, डाव्या बाजूला. नाही, टीव्हीचा नाही, वाचायचा. सापडला? छान." फोन ठेवला. मीही त्याच घरात राहतो, पण मला तो सापडायला रविवार उजाडला असता. आता हे सगळं कोण सांगणार? माझ्या चारही मुद्द्यांना एकदम जोर आला.

ही माझ्याकडे वळून बसली. "विचारते हं. जाऊ का मी?"

मी छाती भरून श्वास घेतला, निदान घ्यायचा प्रयत्न केला, आणि सुरुवात केली. "जा..."

तिथे श्वास संपला. 'जाऊ नकोस' असं म्हणायचं होतं हो! पुढचं आतच राहिलं. तोंड उघडं, आवाज नाही.

"खरंच?" ही म्हणाली.

आणि ती बोलायला लागली. मी हात वर करून थांब म्हणत होतो, पण ते बहुधा धाप लागल्यासारखंच दिसलं असणार. "तिथे दोन वर्षं गणिताला शिक्षकच नाहीये. मुलं पाठ करून गणितं सोडवतात, आकडे बदलले की रडतात. आणि आसपासच्या वाड्यांवरची मुलं ज्या बसने येतात ती पोचते आठ वीसला. शाळा भरते आठला. म्हणजे ती मुलं रोज उशिरा, रोज बाहेर उभी, आणि त्यांचा पहिला तास कायमचा बुडालेला. अहो, बस बदलता येत नाही, पण तास तर पुढे ढकलता येतो ना? कोणाच्या लक्षातच आलं नाही! पहिली वीस मिनिटं खेळाला देईन. सगळं बसतंय, मी लावून बघितलंय."

म्हणजे भाजी निवडता निवडता तिने त्या शाळेचंही वेळापत्रक लावून टाकलं होतं. कधीही न पाहिलेल्या मुलांना ही चार दिवस मनातल्या मनात वर्गात बसवत होती आणि मी बसलो होतो बाबांच्या गोळ्या मोजत. तिचा चेहरा असा झाला होता की मला एकदम आमची सुरुवातीची वर्षं आठवली. इतकी हुशार बाई माझ्याशी लग्नाला तयार कशी झाली, याचं तेव्हा मला रोज सकाळी आश्चर्य वाटायचं. मधल्या काळात ते वाटायचं राहून गेलं होतं.

श्वास परत आला. आता अख्खं वाक्य सहज म्हणता आलं असतं. सहा पन्नास झाले होते, चार मुद्द्यांना पाच मिनिटं पुरली असती. मी मुद्दे एकदा मनात मोजून बघितले. बाबांची औषधं मला वाचता येतात. चष्मा मी शोधेन. बाकीचंही होईल कसंतरी.

"जा," मी म्हणालो. या वेळी नीट, पूर्ण, मोठ्याने. "गेलंच पाहिजे तुला. नाही गेलीस तर मीच ओरडेन तुझ्यावर."

तिने बाटली उघडून मला पाणी दिलं, आणि मी ते निम्मं शर्टवर सांडलं.

उतरायला लागलो. नऊ नंबरचे बूट उतारावर माझ्याआधी खाली पोचायला बघत होते, म्हणून हिने माझा दंड धरला होता. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. मग ती म्हणाली, "पहिल्यांदा 'जा' म्हणालात ना, ते अर्धंच होतं."

मी जागीच थांबलो. "कशावरून?"

"पुढे 'ऊ नकोस' होतं. बावीस वर्षं झाली ऐकतेय तुम्हाला."

"मग 'खरंच?' म्हणून विचारलंस कशाला? आणि ते बस, मुलं, वेळापत्रक, सगळं सांगितलंस ते?"

"तुमचा श्वास परत यायला वेळ नको द्यायला?" ती म्हणाली. "श्वास आल्यावरसुद्धा 'नकोस' म्हणाला असतात तर मी नसते गेले. वाईट वाटलं असतं, पण नसते गेले. तुम्ही दुसऱ्यांदा म्हणालात, ते मी धरलं."

बुटांनी, शिट्टीने, सहीने दिवसभरात माझी अब्रू तशीही काही शिल्लक ठेवली नव्हती. त्यामुळे मला बोलायला काहीच अडचण नव्हती. "मला करमणार नाही गं," मी म्हणालो.

"मलासुद्धा नाही," ती म्हणाली.

खाली रखवालदार कुलूप हातात घेऊन उभे होते. फाटक बंद व्हायला सात मिनिटं उरली होती आणि आमची ही घड्याळाकडे न बघता माझ्याबरोबर सावकाश चालत होती.